डाव्या बाजूची जागा

…म्हणजे आता एकच प्रांत झाला म्हणून आलात? नाही, पुन्हा म्हणा, रस्सा खदखदतोय, नीट ऐकू आलं नाही मला. 'आता काय, दोनताई, तुम्ही-आम्ही एकाच प्रांतातले' — असंच म्हणालात ना? वा. विन्ह लाँगहून भल्या सकाळी मोटारसायकल हाणत इथवर आलात, त्या कोपऱ्यातल्या स्टुलावर बसलात, शेवयांचा वाडगा मागवलात, आणि मग हळूच सांगितलंत की तुमचा बाप तोच माझाही बाप, तो आता दिवस मोजतोय, आणि मेल्यावर त्याला आमच्या घरामागच्या वाळूत पुरायचं आहे. आमच्या. माझ्या आईच्या जमिनीत. बसा, उठू नका, मी ओरडत नाहीये, माझा आवाजच असा आहे, सगळ्या गल्लीला ठाऊक आहे. वाडगा मागवलाय तर खा. आंबवलेल्या मासळीचा वास सोसत नाही काय तुम्हा वरच्या लोकांना? बापाला विचारा, तो ह्याच रश्श्याचे दोन-दोन वाडगे हाणायचा. माणसावर राग असला तरी मी अन्नावर काढत नाही, खा.

एकच प्रांत. तुम्हाला काय वाटतं, हे पहिल्यांदाच झालंय? माझी आजी नवरी होऊन ह्या घरात आली तेव्हा हा त्रा विन्ह प्रांत होता. आईचं लग्न झालं तेव्हा विन्ह बिन्ह — सायगॉनमध्ये जे सत्तेवर बसले होते त्यांना जुनं नाव नको होतं, बदललं. मी जन्मले ती कू लाँगमध्ये — लढाई संपली, वरून हुकूम आला, तुमचा न् आमचा असे दोन प्रांत एकत्र कालवले आणि नाव दिलं नऊ ड्रॅगनांचं, म्हणजे काय मोठे झालो आम्ही एकदम. मग ते मोडलं. माझी लेक क्वेन झाली ती परत त्रा विन्हमध्ये, आणि तिची पोरगी रांगायला लागली ती आता विन्ह लाँगात. घर तेच हो. चूल तीच, मोरी तीच, मागचं ताडाचं झाड तेच. आम्ही बायका उंबऱ्याबाहेर गेलो नाही आणि प्रांत बदलत राहिले. ह्या खेपेला तर तिघांना एका टोपलीत भरलंय, बेन त्रेसुद्धा. तालुके तर पुसूनच टाकले, कालपर्यंत तालुका कचेरीत साहेब म्हणून मिरवणारा आज घरी कोंबड्यांना दाणे घालतोय.

आणि नाव काहीही द्या, कचेरी मात्र दर वेळी तिकडेच, तुमच्याकडे. का, तर म्हणे तुम्ही मध्यावर. मध्यावर कसले — तुम्ही वर आणि आम्ही खाली, एवढंच. नदी आधी तुमच्या दारावरून जाते, तुमचं धुऊन-विसळून झालं की मग आमच्याकडे येते, आणि उन्हाळ्यात तेवढीही पुरत नाही, समुद्र आत घुसतो, हंड्यातल्या पाण्याला मीठ चढतं. तुमच्या बागा, तुमची फळं, तुमचं बारमाही गोडं पाणी. आमच्याकडे वाळूचे उंचवटे आणि भुईमूग. हं, पण मरायच्या वेळी बरी आठवली वाळू. कळलं मला, सांगू नका — तुमच्याकडे हातभर खणलं की खड्ड्यात पाणी. पेटी ठेवायची म्हणजे पाण्यातच ठेवायची. जन्मभर पाण्याची नोकरी केली त्याने, खारं पाणी अडवायची दारं कुठे घालायची ते हा नकाशावर दाखवायचा, आणि आता पाण्यात निजायची भीती वाटते काय त्याला? त्याचं स्वतःचं गाव तर कधीच समुद्राने गिळलं, तिथे जायची सोय नाही. मग उरलं कोण? आम्ही.

ते समोर बघा. आमची जुनी प्रांत कचेरी, ती पिवळी इमारत, ज्याच्या फाटकाला कुलूप आहे ती. पावसाळ्यापर्यंत तिथून न्याहारीला इतकी माणसं यायची की मला मान वर करायला फुरसत नसायची. आता एक पहारेकरी येतो, तोही चहावर भागवतो. सगळे तिकडे गेले, टेबलं गेली, पंखे गेले, माझा जावईही गेला. तोआन नाव त्याचं, शेतीखात्यात आहे. वाईट नाही पोरगा, वाईट असता तर बरं झालं असतं, मग जीव लागला नसता. तिकडे खोली घेऊन राहतो, शनिवारी येतो. गेल्या शनिवारी आला नाही. मोटारसायकल बिघडली म्हणे. बिघडते, यंत्र आहे, माझं काही म्हणणं नाही. पण क्वेनने त्याचं ताट मांडून ठेवलं होतं, वर जाळी झाकली होती, आणि ती दर थोड्या वेळाने उठून ती जाळी सारखी करत होती — जाळीला काय झालं होतं? काही नाही. मी तिथे बसले होते आणि मला माझी आई दिसत होती. जेवणच गेलं नाही मला.

हां, शनिवार. तुमचा बाप — माझा, बरं, माझाही — असाच तर गेला. कू लाँग झाल्यावर पाटबंधाऱ्यांची कचेरी विन्ह लाँगला हलली, हा तिथे. दर शनिवारी यायचा, सायकलला बांधून काहीतरी आणायचा, कधी संत्री, कधी माझ्यासाठी चपला. मग महिन्यातून एकदा. मग नववर्षाला. मग नववर्षालाही कामच असायचं. माझ्या आईने कुणाला एका शब्दाने विचारलं नाही. म्हणायची, प्रांत मोठा झालाय, कामं वाढली असतील. प्रांतावर घालायची सगळं. मला वाटतं तिला ते बरं पडायचं, प्रांताला बाई नसते ना.

मला दोनताई म्हणालात. म्हणा, सगळेच म्हणतात, बाहेर पाटीवरच लिहिलंय, 'दोनताईंच्या शेवया'. थोरलं लेकरू ते दोन. एक कुणालाच म्हणायचं नाही, भुताखेतांना पहिलं कोणतं ते कळू नये म्हणून एक मोकळा सोडायचा आणि मोजायला दोनापासून लागायचं — हे मी तुम्हाला काय सांगतेय, तुमच्याकडेही तेच. शेजारच्या पाचकाकूंकडे अकरापर्यंत गेलं. माझ्या आईकडे दोनावर थांबलं. मी दोन, माझ्यापुढे कुणी नाही आणि मागेही कुणी नाही, पोरी चिडवायच्या मला, तुझा तीन कुठाय, तुझा तीन कुठाय. आणि आईला तर आख्खी गल्ली सातवहिनी म्हणायची, तो त्याच्या घरचा सात म्हणून. माणूस गेला आणि नंबर ठेवून गेला. मरेस्तोवर सातवहिनी. नवरा कुठाय म्हणून कुणी विचारायचं नाही, पण हाक मारायची ती त्याच्याच आकड्याने. तिकडे तुमच्या आईलाही सातवहिनीच म्हणत असणार, दुसरं काय म्हणणार? आणि तुम्ही दोन. एकुलते एक म्हणालात ना मघाशी, मग दोनच. म्हणजे बघा हिशेब त्याचा — दोन गावांत दोन सातवहिनी आणि दोन दोन. इकडची दोन खोडली, तिकडे नवा दोन मांडला, उत्तर बरोबर. मान कसली हलवताय? खा, शेवया फुगतायत.

मी सांगते तुम्हाला मला राग कसला आहे तो. गेला त्याचा नाही. पुरुष जातात, नदीवरच्या गावांत काय नवल आहे. राग आहे तो प्रांत मोडला त्या दिवसाचा. मी मोठी होते, शाळा सुटायच्या बेताला आलेली, सगळं लख्ख आठवतंय. बातमी आली की कू लाँग मोडला, पुन्हा दोन प्रांत, इकडची माणसं इकडे परत. अहो, काय झालं होतं गल्लीत. बायका घरं सारवतायत काय, केस धुतायत काय. कारण इथून गेलेली माणसं — हिशेबनीस, मास्तर, दवाखान्यातले — सगळी परत येणार होती, सरकारी हुकुमाने. माझ्या आईने बदक कापलं. तिने नवा ब्लाऊज शिवला होता, जांभळा, आणि तो मला दिसू नये म्हणून वर जुना घातला होता. ट्रक आले. ट्रकांत कपाटं, टंकयंत्रं, खुर्च्या एकमेकींत अडकवलेल्या, आणि त्या सगळ्यावर बसलेली माणसं, हात हलवत. एकेक ट्रक त्या फाटकात शिरायचा आणि आई ओट्यावरून बघायची. पाचकाकूंचा नवरा उतरला. कोपऱ्यावरच्या चारमामांचा थोरला उतरला. पाटबंधाऱ्यांच्या कचेरीचं कपाट उतरलं — ते मी ओळखलं, त्याच्या दाराला एक पोचा होता, मला लहानपणी तो एकदा तिकडे घेऊन गेला होता तेव्हा बघितलं होतं. कपाट आलं, साहेब. लोखंडी कपाट आलं आणि तो नाही आला. तोवर मला वाटायचं, प्रांताने नेलाय. त्या दिवशी कळलं की प्रांताने सोडला होता, तोच राहिला.

आईने बदक कुणाला वाढलं विचाराल तर, पाचकाकूंच्या नवऱ्याला. म्हणाली, लांबून दमून आलाय.

हो, त्यानंतर गेले होते मी एकदा तिकडे. सांगणार नव्हते, पण आता निघालाच विषय. आईला मैत्रिणीकडे जाते म्हणाले आणि बस पकडून विन्ह लाँगला गेले, तुमच्या त्या नदीकाठच्या बाजारात. दिसला. सायकलवर होता, आणि दांडीवर एक पोरगा — तुम्हीच की. हातात उसाचा तुकडा होता तुमच्या, चोखत होतात. तो उतरला, तुम्हाला उतरवलं, तुमचं तोंड स्वतःच्या बाहीने पुसलं. एवढंच. मी काय करणार होते? मी ठरवून गेले होते की सगळ्या बाजारासमोर बोलायचं, पाठ केलं होतं बसमध्ये. तशीच परतीची बस पकडली. आईला मात्र खोटं बोलता येईना, सांगितलं, दिसला. तिने काय विचारलं असेल? 'बारीक झालाय का.' मला तेव्हा तिचा इतका संताप आला, मी दोन दिवस बोलले नाही तिच्याशी. अजूनही येतो कधीकधी.

तेव्हा आता तुम्ही येऊन 'एकच प्रांत झाला' म्हणू नका. प्रांत जोडले की माणसं जोडली जातात हे मी ऐकलंय आधी. जागा नाही. आमच्याकडे जागाच नाही, सांगा त्याला. आजी-आजोबा आहेत, माझा नवरा आहे, आई आहे, उंचवटा केवढासा तो. काय? किती जणांची जागा आहे ते तुम्ही बघून आलात? मागे जाऊन? मला न विचारता — बरं, धूप लावायला गेलात, ठीक आहे, धूप लावायला कुणाला अडवत नाही मी. मग बघितलंच असेल. आईच्या डाव्या हाताचा मिरच्यांचा वाफा. ती जागा नाही, तो वाफा आहे. माझ्या दुकानाच्या मिरच्या तिथल्याच, तुमच्या वाडग्यात आहेत त्याही. असे दचकू नका, स्वच्छ वाळू आहे, खाली कुणी नाही.

कुणी नाही म्हणूनच तर… जाऊ द्या. नाही, ऐकाच, म्हणजे कळेल तुम्हाला मी कुणाची लेक ते. आई शेवटच्या दुखण्यात होती, बोलणं तुटत होतं, आणि तिने माझा हात धरून काय सांगावं — मला जरा उजवीकडे सरकवून ठेवा. मी म्हटलं, का गं. म्हणाली, डावीकडे जागा राहू दे. आता बाई उजवीकडे आणि डावी बाजू नवऱ्याची, हे तुम्हाला सांगायला नको. इतकं सगळं झाल्यावर. बदक झालं, कपाट झालं, तरी. मी तिचं ऐकलं, सरकवून ठेवलं तिला उजवीकडे, गवंड्याने दोनदा विचारलं, बाई, हे वाकडं दिसतंय. दिसू दे म्हटलं. आणि तिच्या शंभराव्या दिवसाचे विधी झाले तशा मी त्या जागेत मिरच्या लावल्या. दर वर्षी लावते. तिखट येतात, लोक लांबून विचारत येतात. तिने जागा ठेवली, मी भरली. झालं ना समाधान? आता त्याला जाऊन सांगा, मिरच्या आहेत म्हणावं तिथे.

वाजतोय तुमचा. घ्या. घ्या की, मी काही… आई? तुमची आई आहे? मग इथेच बोला, बाहेर ट्रक जातायत, काही ऐकू यायचं नाही. मला चोरून ऐकायची हौस नाही, तुमच्या फोनचा आवाजच दुकानभर जातो. मी कांदे चिरते आपली.

…काय म्हणाली ती? नाही, तब्येतीचं ऐकलं मी, पाणीसुद्धा घशाखाली उतरत नाही, तेही ऐकलं. त्याच्या आधी. आधी तुम्हाला हाक काय मारली? नाही नाही, मला नीट ऐकू आलंय. तीन म्हणाली. 'तीन, काय म्हणाल्या रे त्या' — असं. का? तुम्ही तीन कसे? तुमच्याआधी एखादं गेलं का, असतं तसं बऱ्याच घरांत, पोटात गेलं, पाळण्यात… नाही? कुणीच नाही? मग तीन कसे? थोरला दोन असतो. सगळ्या नदीकाठाला थोरला दोन असतो. तुमच्या घरी दोन कोण आहे मग?

हळू बोला. 'दोन आहे. दोन खाली समुद्राकडे असते.' असं म्हणायचा तो? कुणाला? सगळ्यांना? शेजाऱ्यांना, शाळेत, तुमचं नाव घालायला गेला तिथे — सगळीकडे? आणि तुमची आई? तिने चालवून घेतलं हे? म्हणजे ती दारात उभी राहून पोराला जेवायला बोलावणार, तीन, ए तीन, आणि गल्लीतली प्रत्येक बाई म्हणणार, अगं, ह्यांचा दोन कुठाय. रोज. रोज हाक मारत होती ती अशी? आवाज केवढासा आहे तिचा. मला वाटायचं, जाड असेल, भांडखोर.

आणि मघाशी आल्या आल्या तू 'दोनताई' म्हणालास ते पाटी वाचून नाही? बघितलीसुद्धा नव्हतीस? कधीपासून म्हणतोस? …म्हणजे मी तिकडे बाजारात भिंतीला टेकून उभी होते तेव्हाही तू, ऊस चोखत… अच्छा.

गप. माझ्या दुकानात रडायचं नाही, पहारेकरी येतोय चहाला. आणि ह्याने काही फिटत नाही, कळलं? आई दिवसभर ओट्यावर बसली होती ते ह्याने पुसलं जात नाही. माझा नंबर राखला म्हणे. नंबर राखायला काय लागतं, तोंडाने म्हणायचं तर असतं. बस तर रोज होती इकडची. शंभरदा आला असता. एकदा आला असता, नुसता, चपला घेऊन. माझ्या पायाचं मापही पुन्हा विचारलं नाही कधी, आणि दोन आहे म्हणे, समुद्राकडे असते.

मिरच्या निम्म्या हिरव्याच निघतील. निघू देत, लोणचं घालीन. क्वेनला टोपली घेऊन बोलावते, संध्याकाळपर्यंत वाफा मोकळा होईल, मुळं खोल नसतात मिरचीची. वाळू आहे, खणायला फार माणसं लागायची नाहीत, चारमामांकडचे येतील. धुपाचं भांडं तू धर, मुलगा तू आहेस. पण पेटीपुढे मी चालणार. तू माझ्या मागे, ते आत्ताच सांगून ठेवते, नंतर कुणी मला शिकवायचं नाही. आणि तुझी आई — तिच्याशी मला काही बोलायचं नाही. डोक्याला सुतकाची पांढरी पट्टी बांधून आली तर येऊ दे. मी हाकलणार नाही, पण बोलणारही नाही. जेवायला वाढीन.

त्याला काय सांगशील? काही सांगू नकोस. जागा आहे एवढंच सांग. मिरच्यांचं नको सांगूस.

बसलास काय मग? ऊठ. वाडगा राहू दे, निवलाय तो. घशात पाणी उतरत नाही त्या माणसाच्या आणि तू इथे बसलायस. हेल्मेट घाल. जा, तीन. निघ.